हत्यारपेटी : माप, लाकूड आणि हात

निवासी शाळेत रोज काही ना काही मोडत असते. खाटेची पट्टी निखळते, बाकाचा पाय हलू लागतो, खिडकीची कडी बसत नाही, दाराची बिजागरी कुरकुरते. ही कामे मोठी नसतात. तथापि हातोडी भांडारात, पकड पाण्याच्या पंपाजवळ आणि स्क्रू ड्रायव्हर कोणाच्या तरी कपाटात, अशी हत्यारांची पांगापांग झालेली असल्यामुळे दहा मिनिटांच्या कामापूर्वी अर्धा तास शोधाशोधीत जातो, आणि मग ते काम पुढच्या आठवड्यावर ढकलले जाते. हलणारा बाक हलतच राहतो.

या अडचणीवरचा एक साधा उपाय म्हणजे हाताने बनवलेली, वर दांडी असलेली उघडी लाकडी हत्यारपेटी. (कारागिराच्या भाषेत हत्यार म्हणजे शस्त्र नव्हे, तर कामाचे साधन, हे येथे वेगळे सांगावयास नकोच.) आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना शिक्षकांच्या देखरेखीखाली तीन-चार रविवारी ही पेटी पुरी करता येते. तिची रचना कशी ठरवावी, लाकूड कोणते घ्यावे, सांधे कसे जुळवावेत आणि यांपैकी प्रत्येक गोष्ट तशीच का करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. ‘कसे’ हे कारागीर दाखवून देतो. ‘का’ हे मात्र सांगावे लागते, आणि शाळेचे काम तेच आहे.

ठेवण्याची पेटी आणि नेण्याची पेटी

हत्यारे लाकडी पेटीत ठेवण्याची रीत जुनी आहे. स्वीडनमधील गॉटलंड बेटावर मेस्टरम्यूर नावाच्या, पूर्वी दलदल असलेल्या जागी १९३६ साली शेत नांगरताना ओकच्या लाकडाची एक पेटी सापडली. सुमारे एक हजार वर्षांपूर्वीच्या, वायकिंग काळातील त्या पेटीबरोबर लोहारकामाची व सुतारकामाची हत्यारे धरून दोनशेहून अधिक वस्तू मिळाल्या. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीची ‘मेरी रोझ’ ही युद्धनौका १५४५ साली बुडाली. तिचा सांगाडा १९८२ साली समुद्रातून वर काढण्यात आला. त्या नौकेवरील सुतारांच्या पेटीतली हत्यारेही संशोधकांच्या हाती लागली. माणसाची हाडे विरून जावीत आणि त्याची हत्यारे त्याच्या कामाची साक्ष देत उरावीत, असे इतिहासात अनेकदा घडते.

परंतु या पेट्या झाकणाच्या होत्या. हत्यारे दमटपणापासून व चोरीपासून सांभाळावीत, हा त्यांचा हेतू. त्या एका जागी राहतात आणि काम त्यांच्याजवळ येते. आपल्याला हवी आहे ती याच्या उलट रीतीची पेटी. खाट पेटीकडे येणार नाही. पेटीने खाटेकडे गेले पाहिजे. म्हणून तिला झाकण नको, कुलूप नको. दोन टोकांना उंच फळ्या, त्यांच्यामधून आरपार गेलेली दांडी, दोन बाजूंना बुटक्या फळ्या आणि खाली तळ, असा पाच तुकड्यांचा आणि एका दांडीचा तिचा देह. एका नजरेत सर्व हत्यारे दिसावीत, एका हाताने उचलता यावी, आणि जे हत्यार नाही त्याची रिकामी जागा लगेच डोळ्यांत भरावी, हे तिचे तीन गुण. रचनेचा प्रत्येक निर्णय या तीन गुणांवर पारखून घ्यावयाचा.

सूत धरणारा तो सुतार

‘सुतार’ हा शब्द संस्कृत ‘सूत्रधार’ या शब्दावरून आला आहे. सूत्रधार म्हणजे सूत धरणारा, दोरी लावून रेषा आखणारा. आजही आपल्याकडचे सुतार इंचाच्या आठव्या भागाला ‘सूत’ म्हणतात. म्हणजे या धंद्याचे नाव करवतीवरून पडलेले नाही, रंध्यावरूनही नाही. ते मापावरून पडले आहे. आधी माप, मग लाकूड, मग हात, हा क्रम शब्दातच सांगितलेला आहे.

पालीमध्ये सुताराला ‘वड्ढकी’ म्हणतात. लोणावळ्याजवळच्या कार्ले येथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर दानांच्या नोंदी करणारे ब्राह्मी लेख आहेत. त्यांपैकी एका लेखात धेनुकाकट येथील सामी नावाच्या वढकीने दरवाजाचे काम केल्याची नोंद आहे, आणि त्याच्या वडिलांचे नावही तेथे दिले आहे. त्याच चैत्यगृहाच्या छताला आजही लाकडी फासळ्या आहेत. लेणे दगडाचे, पण त्याचा घाट लाकडी इमारतीचा. ज्या काळी राजे आणि व्यापारी यांची नावे दगडावर कोरली जात होती, त्या काळी त्यांच्याच रांगेत एका सुताराचे नाव कोरले गेले, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावी अशी आहे.

पुढच्या काळात गावगाड्यात सुतार हा बलुतेदार झाला. नांगर, कुळव, गाडी यांची कामे त्याने करावीत आणि सुगीत धान्याचा वाटा घ्यावा, अशी ती व्यवस्था. कौशल्य बापाकडून मुलाकडे डोळ्यांनी आणि हातांनी जाई. त्यामुळे ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले, हे खरे; पण त्याच वाटेने ते बंदिस्तही झाले. ज्याच्या घरात वाकस नव्हता त्याच्या मुलाने रंधा धरण्याचा प्रश्नच नव्हता, आणि सुताराच्या मुलालाही दुसरी वाट मोकळी नव्हती. माणसाची आवड व पात्रता न पाहता जन्मावरून त्याचा धंदा ठरवला, तर त्यात माणसाची हानी होते आणि कामाचीही होते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये स्पष्टपणे मांडले आहे.

येथे काही पालक एक प्रश्न विचारतील, आणि तो रास्त आहे. ज्यांनी आयुष्यभर राबून मुलांच्या हाती पुस्तक दिले, त्यांच्या मुलांच्या हाती शाळेने पुन्हा करवत का द्यावी? उत्तर असे की, पुस्तकाच्या जागी करवत द्यावयाची नाही. लादलेले काम आणि समजून केलेले काम यांत मोठे अंतर आहे. पहिल्यात माणूस दुसऱ्याने आखलेल्या रेषेवर राबतो. दुसऱ्यात रेषा तो स्वतः आखतो. या पेटीच्या निमित्ताने विद्यार्थी वर्तुळाला स्पर्शिका काढतो, कर्ण मोजून काटकोन तपासतो, घनफळावरून वजनाचा अंदाज करतो. पूर्वी एका घरात अडकलेले ज्ञान मापाच्या रूपाने कागदावर उतरले की ते कोणाचेही होते. पुढील मापे त्याच हेतूने दिली आहेत.

आधी हत्यारे, मग पेटी

पेटीचे माप पेटीपासून सुरू करू नये. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर पेटीत जाणारी सगळी हत्यारे मांडावीत. शाळेच्या दुरुस्तीसाठी साधारणपणे हातोडी, बारीक दात्यांची लहान करवत, लहान रंधा, तीन-चार पटाश्या, मोगरी, गुण्या, मोजपट्टी, पकड, स्क्रू ड्रायव्हर, हाताने फिरवण्याचे ड्रिल, कानस आणि खिळ्या-स्क्रूंचा डबा एवढे पुरे होते. यांपैकी सर्वांत लांब वस्तू पेटीची लांबी ठरवते. १२ इंची पात्याची लहान करवत मुठीसह सुमारे ४२० ते ४३० मिमी भरते. बोटे घालून ती सहज काढता यावी म्हणून थोडी मोकळीक धरून आतली लांबी ४८० मिमी घ्यावी. मोठी करवत या पेटीत बसवण्याचा हट्ट धरू नये. एका हत्यारासाठी पेटी दीडपट लांब करणे म्हणजे बाकी सर्व हत्यारांसाठी ती अवजड करणे होय.

रुंदीचे माप पेटी नेणाऱ्याच्या पायांवरून ठरते. रुंद पेटी चालताना पायाला घासते. मग माणूस हात शरीरापासून दूर धरतो आणि खांदा लवकर दुखतो. म्हणून आतली रुंदी २०० मिमी आणि बाहेरची २२४ मिमी एवढीच ठेवावी. बाजूच्या फळ्यांची उंची १२० मिमी. त्याहून उंच केल्यास तळाशी पडलेले हत्यार दिसत नाही; त्याहून बुटकी केल्यास हातोडी उडून बाहेर पडते.

टोकाच्या फळीची उंची २७० मिमी. खालचे १२० मिमी ती पूर्ण २०० मिमी रुंद आणि वर निमुळती होत जाऊन माथ्याला अर्धवर्तुळाकार. दांडीचे केंद्र तळापासून २३५ मिमीवर येते. अशा रीतीने दांडीखाली हात घालण्यास व हत्यारे काढण्यास सुमारे १०० मिमी मोकळी जागा राहते.

तुकड्यांची यादी अशी :

टोकाच्या फळ्या : २ नग, २७० × २०० × १८ मिमी
बाजूच्या फळ्या : २ नग, ५१६ × १२० × १२ मिमी
तळ (प्लायवूड) : १ नग, ४८९ × २०८ × ९ मिमी
दांडीसाठी चौकोनी दांडा : १ नग, ५३० × ३२ × ३२ मिमी

टोकाच्या फळ्या जाड आणि बाजूच्या पातळ का, असे विद्यार्थी विचारतील. उचलताना सर्व भार दांडीतून टोकाच्या फळ्यांवर येतो. बाजूच्या फळ्यांना फक्त हत्यारे आवरून धरावयाची असतात. जेथे भार आहे तेथेच जाडी द्यावी. सागवानाची ही पेटी रिकामी सुमारे पावणेतीन किलो भरते. बाजूच्या फळ्याही १८ मिमीच्या केल्या तर वजन जवळजवळ अर्धा किलोने वाढेल आणि बळकटी मात्र जेमतेम वाढेल.

लाकूड निवडताना

सागवान हे या कामासाठी उत्तम. ते ओल-उन्हात फारसे वाकत नाही आणि त्यातील तेलामुळे सहजी कुजत नाही. नवे सागवान महाग पडते, म्हणून जुन्या खाटा, दारे, खिडक्यांच्या चौकटी यांचे लाकूड घ्यावे. जुने लाकूड पूर्ण वाळलेले असते, हा आणखी एक लाभ. मात्र त्यात मोडलेले खिळे दडलेले असतात. करवत लावण्यापूर्वी फळीवरून चुंबक फिरवून ते शोधून काढावेत. एका खिळ्याने करवतीचे दाते जातात. खोक्यांचे पाइन हलके आणि स्वस्त, शिकण्यास चांगले. पण ते मऊ असल्याने स्क्रू फार आवळू नयेत. आंब्याचे लाकूड सहज मिळते, परंतु त्याला कीड लवकर लागते. दांडीसाठी बाभूळ घेतल्यास फारच चांगले. गाडीच्या चाकांना आणि अवजारांच्या दांड्यांना आपल्या शेतकऱ्यांनी बाभूळ वापरली, ती तिच्या चिवटपणामुळेच.

फळी डोळ्यासमोर आडवी धरून एका टोकाकडून पाहावी. पीळ किंवा बाक असेल तर तो लगेच दिसतो. जेथे दांडीचे भोक पडणार त्या जागी गाठ नसावी.

आता या पेटीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लाकूड हे लांब तंतूंचे बनलेले असते. तंतूंच्या दिशेने ते फार बळकट असते. तंतूंमधून मात्र ते सहज फाटते. सरपण फोडताना कुऱ्हाड आपण उभ्या तंतूंतच घालतो. म्हणून टोकाच्या फळीत तंतू उभे, म्हणजे तळाकडून दांडीकडे जाणारे असावेत. ते आडवे ठेवल्यास निमुळता माथा भाराने तंतूंच्या रेषेत तुटेल आणि आठ-नऊ किलोंची भरलेली पेटी नेणाऱ्याच्या पायावर पडेल. उभ्या तंतूंचा दुसराही फायदा आहे. बाजूच्या फळीचे स्क्रू टोकाच्या फळीच्या उभ्या कडेत, म्हणजे तंतूंच्या आडवे जातात आणि घट्ट धरतात. तंतूंच्या उघड्या टोकांत मारलेला स्क्रू कालांतराने सैल होतो. पेटी टिकणार की मोडणार, हे करवत हाती घेण्यापूर्वी फळी उभी धरली की आडवी, यावर ठरते.

आखणी आणि कापणी

टोकाच्या फळीचा आकार प्रथम जाड पुठ्ठ्यावर खऱ्या मापात काढावा. २०० मिमी पाया घेऊन त्याच्या मध्यावर लंब उभारावा. पायापासून २३५ मिमीवर केंद्र धरून ३५ मिमी त्रिज्येचे वर्तुळ काढावे. दोन्ही कडांवर १२० मिमी उंचीला खुणा कराव्यात आणि त्या खुणांपासून वर्तुळाला स्पर्शिका ओढाव्यात. हा साचा कापून मध्यरेषेवर दुमडावा. दोन्ही बाजू एकमेकींवर तंतोतंत बसल्या तर आखणी बरोबर आहे. वहीत काढलेली स्पर्शिका येथे हाताला लागते.

दोन्ही फळ्या एकमेकींवर ठेवून शिकंज्यात आवळाव्यात आणि दांडीचे २५ मिमी व्यासाचे भोक दोन्हींना एकदमच पाडावे, म्हणजे ती समोरासमोर येतात. भोक एका बाजूने पूर्ण आरपार पाडू नये. ड्रिलचे टोक पलीकडे जेमतेम दिसले की थांबावे आणि फळ्या उलटवून उरलेले भोक त्या बाजूने पाडावे, म्हणजे मागच्या बाजूचे लाकूड फाटत नाही. भोक आधी, गोलाई नंतर, हा क्रम पाळावा; चौकोनी फळी शिकंज्यात नीट बसते, गोल केलेली सरकते. भोकाभोवती २२ मिमीहून थोडे अधिक लाकूड उरते, तेवढे पुरेसे आहे.

करवत रेषेवर चालवू नये, रेषेच्या बाहेरून चालवावी. रेषा फळीवर दिसत राहिली पाहिजे. उरलेले लाकूड रंध्याने व कानशीने रेषेपर्यंत आणावे. कमी कापलेले पुन्हा कापता येते. सुताराने पेन्सिलची रेघ बारीक का ठेवावी, हेही येथे कळते. जाड रेघेच्या या कडेला कापले की त्या कडेला, एवढ्यानेच मिलिमीटरचा फरक पडतो, आणि चार सांध्यांत मिळून तो चार मिलिमीटर होतो.

तळ, जुळवणी आणि दांडी

तळ खालून खिळे मारून बसवण्याची रीत सर्वत्र दिसते. ती सोपी आहे, परंतु त्यात हत्यारांचा सगळा भार खिळ्यांना बाहेर ओढत राहतो. त्याऐवजी चारही फळ्यांच्या आतल्या अंगाला, खालच्या कडेपासून १२ मिमी वर, ९ मिमी रुंद व ५ मिमी खोल खोबणी करावी आणि तळ तिच्यात सरकवावा. आता भार खिळ्यांवर नाही, लाकडावर टेकतो. खोबणीचा रंधा नसेल तर दोन समांतर रेषांवर करवतीने ५ मिमी खोल काप घेऊन मधले लाकूड पटाशीने काढावे. हेही जमत नसेल तर खोबणीचा नाद सोडून आतून चारही बाजूंना १५ मिमी चौकोनी पट्ट्या गोंद व स्क्रूने बसवाव्यात आणि त्यांवर तळ ठेवावा. मात्र तेव्हा तळाची लांबी-रुंदी आतल्या मापाएवढीच, ४८० × २०० मिमीहून किंचित कमी, धरावी लागेल.

तळाला गोंद लावू नये. पावसाळ्यात हवेतील ओल शोषून लाकूड रुंदीत फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. लांबीत मात्र ते जवळजवळ बदलत नाही. २०० मिमी रुंदीच्या टोकाच्या फळीत ऋतुमानाप्रमाणे मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक पडू शकतो. म्हणूनच वरच्या यादीत तळ लांबीला १ मिमी आणि रुंदीला २ मिमी सैल धरला आहे. तळाला हलण्यापुरती मोकळीक दिली नाही तर लाकूड ती फाटून मिळवते.

दांडीचा चौकोनी दांडा प्रथम आठ कोनी करावा, मग सोळा कोनी, आणि मग कानस व पॉलिश पेपरने गोल. एकदम गोल करू गेल्यास तो बटाट्यासारखा होतो. मधला भाग ३० मिमी जाड ठेवावा आणि दोन्ही टोकांना २५ मिमी व्यासाचे कुसू काढावे. भोकात जाणाऱ्या अशा बारीक केलेल्या टोकाला सुतार कुसू म्हणतात. दोन्ही कुसवांच्या मुळाशी जो खांदा तयार होतो, त्या दोन खांद्यांमधले अंतर बरोबर ४८० मिमी असले पाहिजे. हे खांदे टोकाच्या फळ्यांना आतून टेकतात आणि त्यांना आत कलू देत नाहीत. कुसवाच्या टोकात पाचर मारण्यासाठी १५ मिमी खोल फट आताच करवतीने पाडून ठेवावी.

जुळवणीचा क्रम चुकवू नये. खांद्यांमुळे दांडी मागाहून घालता येत नाही, आणि तळही नाही. दांडी आणि तळ ही दोन्ही टोकाच्या फळ्यांच्या मध्ये एकाच वेळी बसवावीत आणि मग बाहेरून बाजूच्या फळ्या लावाव्यात. प्रथम गोंदाशिवाय सगळी पेटी जुळवून पाहावी. वरून दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे असतील तर पेटी काटकोनात आहे. नसतील तर लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांवर हलका दाब द्यावा. मग सर्व सोडून, सांध्यांना सुतारकामाचा गोंद लावून पुन्हा जुळवावी आणि शिकंज्यांनी आवळावी. प्रत्येक कोपऱ्याला दोन याप्रमाणे ३५ ते ४० मिमी लांबीचे आठ स्क्रू पुरतात. प्रत्येक स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडून घ्यावे, नाहीतर १८ मिमीची कड फुटते. बाजूच्या फळीची खोबणी आरपार काढली असल्यास तिची टोके बाहेरून चौकोनी भोकांसारखी दिसतात. त्यांत लाकडाचे लहान तुकडे गोंदाने बसवून ते तासून टाकावेत.

शेवटी पाचर. दांडी अशी फिरवून ठेवावी की कुसवातील फट आडवी येईल, म्हणजे टोकाच्या उभ्या तंतूंना काटकोनात. मग त्या फटीत कडक लाकडाची पातळ पाचर मोगरीने ठोकावी. पाचर कुसवाला वर-खाली पसरवते आणि तो दाब तंतूंच्या दिशेने जातो. फट उभी ठेवली तर तीच पाचर फळीला मधोमध चिरते. बाहेर आलेला भाग कापून समपातळीत आणावा.

आतली मांडणी

पेटी तयार झाल्यावर तिच्यात सगळे टाकून देण्याचा मोह होतो. पटाशीची धार हातोडीवर आपटली की पटाशी गेली. एका बाजूपासून ४० मिमी अंतरावर लांबीच्या दिशेने पातळ प्लायवूडचा पडदा बसवावा. त्या अरुंद कप्प्यात करवत आणि गुण्या उभे राहतात. दुसऱ्या बाजूच्या फळीला आतून भोकांची पट्टी लावावी आणि तिच्यात पटाश्या व स्क्रू ड्रायव्हर उभे ठेवावेत. धार नेहमी खाली. रंधा, हातोडी यांसारखी जड हत्यारे दांडीच्या मध्याखाली, म्हणजे पेटी उचलताना एका बाजूला झुकत नाही. पट्टीवर प्रत्येक भोकाजवळ हत्यारांची नावे लिहावीत. संध्याकाळी पेटी जागेवर येते तेव्हा काय परत आले नाही, हे विचारण्यासाठी कोणाला हाक मारावी लागत नाही. रिकामे भोकच ते सांगते. ज्या वसतिगृहात एकाच्या हलगर्जीपणाचा संशय दहा मुलांवर जातो, तेथे ही लहानशी सोय अनेक मने दुखावण्यापासून वाचवते.

सगळ्या कडा पॉलिश पेपरने किंचित मोडाव्यात. तीक्ष्ण कड हाताला लागते आणि ठेचकाळून लवकर तुटते. मग जवसाच्या तेलाचे दोन हात द्यावेत आणि प्रत्येक हातानंतर पुसून वाळू द्यावे. दांडीला चकचकीत व्हार्निश लावू नये, घामाने ती निसटते. एक सूचना विसरू नये : जवसाच्या तेलाचे फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकल्यास ते आतून तापून आपोआप पेट घेऊ शकते. फडकी मोकळ्या हवेत पसरून वाळवावीत आणि मगच फेकावीत.

वापरात आणण्यापूर्वी पेटीची परीक्षा घ्यावी. हत्यारांच्या वजनाच्या दुप्पट विटा तिच्यात ठेवून, पाय दूर ठेवून, ती जमिनीपासून वीतभर उचलावी आणि थोडा वेळ धरावी. सांधे करकरले नाहीत, माथ्याला चीर दिसली नाही, तर ती मुलांच्या हाती द्यावी. दर वर्षी पावसाळा संपल्यावर स्क्रू पाहावेत आणि तेलाचा एक हात द्यावा. इतक्या सांभाळावर ही पेटी तिला बनवणाऱ्या मुलांच्या मुलांपर्यंत टिकेल.

एक काम मात्र तळ बसवण्यापूर्वीच करावयाचे आहे. प्लायवूडच्या खालच्या अंगाला, जेथे कोणाचे सहसा लक्ष जात नाही, तेथे ज्या विद्यार्थ्यांनी पेटी घडवली त्यांची नावे आणि तारीख पक्क्या शाईने लिहावी. कार्ल्याच्या दरवाजाचे काम करणाऱ्या सामीचे नाव दगडावर राहिले, म्हणून दोन हजार वर्षांनंतर ते आपल्याला वाचता येते. गावगाड्यातल्या असंख्य हातांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. आपल्या मुलांनी केलेल्या कामावर आपल्या मुलांची नावे असावीत, हे आता आपल्याच हाती आहे.